येझदी, बुलेट, राजदूत घेऊन बारवीला: जुन्या गाड्यांची ग्रुप राईड कशी काढायची

सगळ्यात आधी ग्रुपवर "माळशेज करू या" म्हणणाऱ्याला गप्प करा. ठाण्याहून जाऊन येऊन दोनशे किलोमीटर होतात, आणि दहा जुन्या गाड्यांतल्या दोन तरी वाटेत रुसणारच, मग अंधारात सहा व्होल्टच्या हेडलाईटवर परत यायचं म्हणजे मेणबत्ती घेऊन चालल्यासारखं. अंतर कमी ठेवा आणि वेळ भरपूर ठेवा, बाकीचं सगळं त्यातूनच ठरतं.

आमचा रूट ठरलेला. ठाण्याची पोरं मुंब्रा बायपासने, नवी मुंबईवाले महापेवरून शिळफाट्याला आणि सगळे काटई नाक्याला भेटायचे, सहाच्या आत, कारण नंतर तिथे ट्रेलरांची रांग लागते आणि गर्दीत क्लच धरून धरून इंजिन तापतं. तिथून पाईपलाईन रोडने बदलापूर, चहा-वडापाव, मग बारवी धरणाच्या जंगलातून मुरबाड आणि परत रायते-कल्याणमार्गे घरी. शंभर-सव्वाशे किलोमीटर होतात. ऑक्टोबरचं ऊन उतरलं की फेब्रुवारीपर्यंत काढा, भातकापणी झालेली असते, सकाळी धुकं असतं. भर पावसात नको, पॉईंटमध्ये (प्लगला ठिणगी मिळवून देणाऱ्या छोट्या स्विचमध्ये) पाणी गेलं की संपलं, आणि उल्हास नदीला पूर आला की रायत्याचा पूल पण बंद होतो.

कागदपत्रं बघून घ्या सगळ्यांची. १५ वर्षांनंतर आरसी रिन्यू करावी लागते आणि पुढे दर ५ वर्षांनी, पीयूसी आणि इन्शुरन्स तर हवाच. आणि कोणी ५० वर्षांवरची गाडी २०२१ च्या नियमाखाली व्हिंटेज म्हणून 'व्हीए' नंबरवर नोंदवली असेल तर ती रोजच्या वापराला चालत नाही, प्रदर्शन, रॅली किंवा पेट्रोल भरायला, दुरुस्तीला नेणं एवढंच. रविवारची मजा म्हणून ती बाहेर काढू नका.

आता गाडी. आदल्या रविवारी वीस-पंचवीस किलोमीटर चालवून बघा, आदल्या रात्री नाही, कारण रात्री सापडलेल्या बिघाडाला मेकॅनिक मिळत नाही. पॉईंटचा गॅप ०.४ मिमीच्या आसपास, पॉलिश पेपरने पॉईंट साफ. पेट्रोलचा रबरी पाईप दाबून बघा, हल्लीच्या इथेनॉलवाल्या पेट्रोलने जुनं रबर फुगतं नाहीतर तडकतं, सरळ नवीनच टाका. येझदी-जावावाल्यांनी टूटी ऑईल (टू-स्ट्रोक इंजिनासाठी पेट्रोलमध्ये मिसळायचं ऑईल) सोबत घ्यायचं, लिटरभर पेट्रोलला ३०-४० एमएल, आणि मापाला खोकल्याच्या औषधाचं १० एमएलचं झाकण बेस्ट, पंपावर अंदाजपंचे ओतू नका. सगळ्यांत मिळून एक पिशवी: जादा प्लग, प्लग पाना, कंडेन्सर (पॉईंटवरची ठिणगी आवरणारा छोटा पार्ट), क्लच आणि अ‍ॅक्सिलेटर वायर, तार, इन्सुलेशन टेप.

कंडेन्सर का म्हणतोय सांगतो. मागच्या वेळी बारवीच्या चढावर मित्राची टू-स्ट्रोक बंद पडली, पाच मिनिटं थांबलो की चालू, एक किलोमीटर गेलो की परत बंद, सगळे पेट्रोलमध्ये कचरा शोधत बसले. मी कव्हर काढून किक मारायला लावली तर पॉईंटवर भलीमोठी निळी ठिणगी. गरम झाला की कंडेन्सर दगा देतो, थंड झाला की परत शहाणा. बदलला, पहिल्या किकला चालू.

दुसऱ्याची जुनी बुलेट हौसेने मागू नका. गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्याला, गडबडीत नेमका ब्रेकच्या जागी गिअर पडतो. आणि किक मारायचीही पद्धत आहे: हळूहळू दाबत अँपिअर मीटरचा काटा मधे आणायचा, डिकॉम्प्रेसर (इंजिनातला दाब सोडणारा लिव्हर) दाबून किंचित पुढे, सोडायचा, मग पूर्ण लांब किक. घाई केली तर किक उलटी येते, माझ्या नडगीवर खूण आहे अजून.

रस्त्यावर सगळ्यात पुढे सगळ्यात हळू गाडी, वेगवाल्याला पुढे ठेवला की ग्रुप दोन किलोमीटर पसरतो. शेवटी हत्यारांची पिशवीवाला. वळणावर मागचा दिसेपर्यंत थांबायचं, तो दिसला की मग निघायचं. ड्रम ब्रेक आहेत, डिस्कवाल्या नव्या गाडीच्या मागे चिकटू नका, ती थांबते तिथे आपण थांबत नाही. रुंद रस्त्यावर एक डावीकडे एक उजवीकडे, बारवीच्या अरुंद रस्त्यावर मात्र एकच ओळ.

पेट्रोलमध्येच ऑईल मिसळता त्या टू-स्ट्रोकवाल्यांना एक खास: लांब उतारावर अ‍ॅक्सिलेटर पूर्ण बंद करून इंजिन ब्रेकवर उतरू नका. पेट्रोल थांबलं की त्यातलं ऑईलही थांबतं आणि पिस्टन जाम होतो. अधूनमधून थोडा रेस द्यायचा.

घरी आल्यावर पेट्रोलचा कॉक बंद करून गाडी आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवायची, म्हणजे कार्बोरेटर रिकामा होतो आणि पेट्रोल आत सडत नाही. मी हे सोसायटीच्या गेटबाहेरच करतो, पहिल्या मजल्यावरच्या काकूंचे कपडे वाळत असतात.