ढाल चावणारा शिपाई पितळेत ओतताना

स्कॉटलंडच्या लुईस बेटावर १८३१ साली वॉलरसच्या सुळ्यांत कोरलेल्या, बाराव्या शतकातल्या बुद्धिबळाच्या सोंगट्या मिळाल्या. शोकेससाठी त्यांची पितळी नक्कल करायची असेल तर हत्तीपासून सुरुवात करा. या संचात हत्तीच्या जागी शिपाई उभे आहेत आणि त्यातले काही चक्क आपल्या ढालीची कड चावतायत! ते दात जमले की बाकीच्यांची भीती राहत नाही.

सोंगटी आधी मेणात घडवायची, मग तिच्या साच्यात पितळ ओतायचं. त्या मेणासाठी तीन भाग मधमाशीचं मेण, एक भाग राळ. मंद आचेवर वितळवून फडक्यातून गाळायचं. सोलापुरात हे काम गड्ड्याच्या, म्हणजे जानेवारीतल्या सिद्धेश्वर यात्रेच्या थंडीतच करावं. मे महिन्यात पारा चाळिशीपार गेला की मेण हातातच लोळतं. तेव्हा करायचंच असेल तर पहाटे बसा, शेजारी माठातल्या पाण्याची परात ठेवा.

मोठा राजा साधारण १० सेंमीचा आहे. पितळ निवताना दीड-दोन टक्के आक्रसतं, म्हणून मेणात तो १०.२ सेंमी घ्या. माझा सगळ्यात मोठा आग्रह चेहऱ्यांबद्दल आहे: ते देखणे करू नका. मुळात डोळे बटबटीत आहेत, राणी गालाला हात लावून बसलीय. नाक-डोळे रेखीव केले की त्या राणीची चिंताच नाहीशी होते. रेषा मात्र जरा खोल कोरा, पॉलिशमध्ये त्या बुजतात. प्यादी सोपी, साधे उभे दगड असावेत तशी.

पितळ ९०० अंशांच्या वर वितळतं आणि त्यातल्या जस्ताचा धूर घातक असतो, त्यामुळे घरी ओतायचं नाही. देवांचे टाक, मुखवटे करणाऱ्या ओताऱ्याकडे जा. मेणावर माती लिंपून, मेण वितळवून काढून त्या पोकळीत रस ओतायची रीत कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराने ‘मानसोल्लासा’त लिहून ठेवलीय, तीही बाराव्या शतकातच. आपला मुलूख तेव्हा चालुक्यांचाच. जाण्याआधी मेण तोलून घ्या: १०० ग्रॅम मेणाला साधारण ९०० ग्रॅम पितळ, शिवाय रस जायच्या वाटेपुरतं जास्तीचं.

मूळ सोंगट्यांपैकी काहींवर लाल रंगाच्या खुणा दिसल्या होत्या. म्हणून मी एका बाजूच्या सोंगट्यांना तांब्याचा मुलामा देऊन घेते. त्यांना चिंच किंवा पितांबरी लावू नका, मुलामा झिजतो. कोरडं मऊ फडकं पुरे.

मेण मऊ असतानाच बुडाशी साल आणि ‘नक्कल’ हा शब्द कोरा, म्हणजे पुढे कुणी ती जुनी म्हणून विकणार नाही.