तांत्रिक अहवालातल्या फोटोंवर खुणा करायला सॉफ्टवेअर कसं निवडावं

बेळगावच्या उद्यमबाग किंवा मच्छेच्या फाउंड्रीतून निघणारा कास्टिंगच्या (ओतीव भागाच्या) दोषाचा अहवाल एकाच माणसासाठी नसतो. पुण्याच्या गिऱ्हाइकाला तो इंग्रजीत लागतो, मोल्डिंगवरचा (साचा बनवणारा) कामगार मराठी वाचतो, फेटलिंगवरचा (ओतलेला भाग घासून साफ करणारा) कन्नड. फोटो मात्र तोच असतो. म्हणून आधी एक नियम ठरवा: फोटोवर फक्त बाण आणि आकडे, वर्णन खालच्या तक्त्यात. तक्ता तीन भाषांत बदलता येतो, फोटोला पुन्हा हात लावावा लागत नाही. हा नियम पाळला तर सॉफ्टवेअरकडून फार कमी मागावं लागतं, पण जे मागायचं ते ठाम मागावं लागतं.

समजा बेअरिंग हाउसिंगच्या फ्लँजचा फोटो आहे. त्यावर १, २, ३ एवढेच गोल आकडे. खाली: १ – बोल्टच्या भोकाशेजारी ब्लोहोल (वायूमुळे पडलेलं छिद्र), व्यास ३ मि.मी.; २ – रायझरच्या (जादा धातू पुरवणाऱ्या खांबाच्या) मुळाशी श्रिंकेज (धातू आकसून पडलेली पोकळी); ३ – पार्टिंग लाइनजवळ (साच्याचे दोन भाग मिळतात तिथे) वाळू अडकलेली. बाणाचं टोक दोषावर टेकवू नका, छापील कागदावर साधारण २ मि.मी. अलीकडे थांबवा, नाहीतर जे दाखवायचं तेच झाकलं जातं. एका फोटोवर पाच-सहापेक्षा जास्त आकडे झाले तर दोन फोटो करा: एक पूर्ण भागाचा, त्यात चौकट आखून; दुसरा त्या चौकटीतला जवळून घेतलेला.

सॉफ्टवेअर पारखायची पहिली परीक्षा अशी. फोटो उघडा, तीन आकडे टाका, सेव्ह करा, बंद करा, पुन्हा उघडा आणि दुसरा आकडा सरकवून बघा. सरकला तर पुढे जा. साध्या पेंटमध्ये किंवा फोनच्या गॅलरीत जेपीजी म्हणून सेव्ह केलं की बाण फोटोत कायमचा मुरतो. गिऱ्हाइकानं एक बाण हलवायला सांगितला तरी सगळं पहिल्यापासून. खुणा करायच्या सॉफ्टवेअरपैकी ग्रीनशॉट स्वतःच्या फाइलमध्ये खुणा वेगळ्या ठेवतो, स्नॅगिट ठेवतो, चित्रं आखायच्या इंकस्केपची एसव्हीजी फाइल ठेवते. त्याच बैठकीत दुसरा आकडा पुसून बघा, तिसरा आपोआप दोन होतो का. होत नसेल तर खुणा जास्त असलेल्या अहवालात तक्ता आणि फोटो यांचे आकडे कधीतरी जुळेनासे होतील, आणि ते कुणाच्या लक्षात येणार नाही.

विंडोजवर रोज पाच-दहा फोटोंचं काम असेल तर फुकटचा ग्रीनशॉट पुरेसा आहे. आकड्यांचं साधन त्यात आहे, शिकायला अर्धा तास लागतो. स्नॅगिटला पैसे मोजावे लागतात. बाणाचा रंग, जाडी, अक्षर एकदा ठरवून ठेवण्याची सोय त्यात चांगली आहे. चार-पाच जण अहवाल करतात आणि सगळ्यांचे बाण सारखे दिसायला हवेत, तिथे तो खर्च वसूल होतो. छापून जाणाऱ्या मोठ्या अहवालासाठी आमची पसंती इंकस्केपला. तोही फुकट आहे आणि लिनक्सवरही चालतो. ऑनलाइन साइटवर फोटो चढवून खुणा करण्याच्या वाटेला मात्र जाऊ नका: गिऱ्हाइकाचा भाग गोपनीय असतो, आणि खानापूरच्या रानात पुलाची पाहणी चालू असताना नेट मिळेलच असं नाही.

आता मापांकडे, कारण सर्वात जास्त अहवाल इथेच बिघडतात. ए-फोर कागद २१० मि.मी. रुंद, दोन्हीकडे २५ मि.मी. समास सोडला की फोटोला १६० मि.मी. उरतात. फोनचा फोटो साधारण ४००० पिक्सेल रुंद असतो, म्हणजे कागदावरच्या एका मि.मी.ला २५ पिक्सेल. त्यावर ३२ पिक्सेलचं अक्षर टाकलं तर स्क्रीनवर मोठं करून बघताना ठीक दिसतं, कागदावर सव्वा मि.मी.चं होऊन मुंगीएवढं उतरतं. म्हणून खुणा करण्याआधी फोटो लहान करा. पूर्ण रुंदीच्या फोटोला १६०० पिक्सेल, शेजारी-शेजारी दोन असतील तर प्रत्येकी ८००. दोन्हीकडे मि.मी.ला १० पिक्सेल पडतात आणि हिशेब तोंडी होतो: रेघ ५ पिक्सेल म्हणजे अर्धा मि.मी., आकडा ३२ पिक्सेल म्हणजे साधारण ९ पॉइंट. इंकस्केपमध्ये हाही हिशेब नको. पान १६० बाय १२० मि.मी.चं करा, फोटो त्यावर बसवा आणि अक्षर सरळ ९ पॉइंट द्या. फोटो आत घेताना तो फाइलमध्येच सामावून घेण्याचा पर्याय निवडा. नुसता दुवा ठेवला आणि नंतर फोल्डर हलवला, की फोटो गायब होतो आणि बाण तेवढे उरतात.

क्रॉप करायचा असेल तर तो लहान करण्याआधी, मूळ फोटोवरच. शॉप फ्लोअरवरून फोटो व्हॉट्सॲपनं येत असतील तर डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. फोटो म्हणून पाठवले की ते दाबून लहान केले जातात, आणि त्यातला कोपरा कापून मोठा केला की ब्लोहोल आणि डाग यांत फरक कळत नाही.

रंगाबद्दल. गंजलेल्या किंवा करड्या ओतीव लोखंडावर लाल बाण स्क्रीनवर उठून दिसतो, झेरॉक्समध्ये मात्र पृष्ठभागात मिसळून जातो. काळी कड असलेला पिवळा किंवा पांढरा बाण अंधाऱ्या बोअरमध्येही (भागाच्या आतल्या भोकातही) दिसतो आणि चकचकीत मशीन केलेल्या भागावरही. रेघेला कड देता येते का, ही दुसरी परीक्षा. लाल म्हणजे नापास, हिरवा म्हणजे पास असा भेद फक्त रंगावर सोडू नका. काही जणांना हे दोन रंग वेगळे दिसत नाहीत. आकार वेगळा ठेवा: चौकोन आणि गोल.

तिसरी परीक्षा लिपीची. फोटोवर एखादा शब्द लिहावाच लागला तर आधी ‘छिद्र, त्रुटी, वर्तुळ, स्थिती’ टाइप करा. रफार सुटा पडला, वेलांटी चुकीच्या बाजूला गेली किंवा जोडाक्षर तुटलं, तर त्या सॉफ्टवेअरमध्ये फक्त आकडे वापरा. कन्नडचीही अशीच चाचणी घ्या, जोडाक्षरं बघूनच. विंडोजमधला निर्मला यूआय फाँट देवनागरी आणि कन्नड दोन्ही दाखवतो, तो बरा. जुन्या श्रीलिपी किंवा नुडीच्या युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये लिहिलेला मजकूर दुसऱ्या कॉम्प्युटरवर अगम्य चिन्हांत बदलतो; आधी युनिकोडमध्ये आणा, मग वापरा.

दोषाचं माप फोटोवर द्यायचं असेल तर इमेजजे हे फोटोवर मोजायचं सॉफ्टवेअर घ्या, फुकट आहे. फोटो काढताना पोलादी पट्टी दोषाच्याच पातळीवर ठेवा आणि कॅमेरा काटकोनात धरा. इमेजजेमध्ये पट्टीच्या ५० मि.मी.वर सरळ रेघ ओढा, ‘अ‍ॅनालाइझ’मधल्या ‘सेट स्केल’मध्ये अंतर ५० आणि एकक मि.मी. भरा, मग कुठलीही रेघ मोजता येते आणि ‘स्केल बार’ही टाकता येतो. कॅमेरा ३०० मि.मी.वर असताना पट्टी १० मि.मी. मागे ठेवली, तर माप सुमारे तीन टक्क्यांनी चुकतं. व्हर्निअर लागू शकत असेल तिथे व्हर्निअरचंच माप लिहा.

वर्डमध्येच बाण काढणारे बरेच आहेत. फोटो ओळीत बसलेला असतो, बाण वर तरंगतो. वर एक परिच्छेद वाढला की बाण दुसऱ्याच भागाकडे बोट दाखवतो. करायचंच असेल तर ‘इन्सर्ट’मधून ‘शेप्स’, त्यात तळाशी ‘न्यू ड्रॉइंग कॅनव्हास’ घ्या आणि फोटो व बाण दोन्ही त्यात ठेवा. शिवाय वर्ड सेव्ह करताना फोटो इंचाला २२० पिक्सेलवर आणतो, आणि आपण केलेला फोटो (मि.मी.ला १० पिक्सेल) इंचाला २५४चा आहे. ‘ऑप्शन्स’, ‘अ‍ॅडव्हान्स्ड’मध्ये ‘इमेज साइज अँड क्वालिटी’खाली फोटो न दाबण्याची खूण करा.

मूळ फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये, भाग क्रमांक, हीट नंबर (वितळवलेल्या धातूच्या घाण्याचा क्रमांक) आणि तारीख नावात घालून ठेवा. फोनमधलं वस्तू पुसायचं किंवा पृष्ठभाग ‘सुधारायचं’ साधन अहवालाच्या फोटोवर वापरू नका. वाद झाला तर मूळ फाइल आणि तिच्यातली वेळ हाच पुरावा असतो.

भाग क्रमांक किंवा गिऱ्हाइकाचं नाव झाकायचं असेल तर भरीव काळी पट्टी टाका. धूसर केलेले आकडे कधीकधी ओळखता येतात. वर्डमधली पट्टी कुणीही बाजूला सरकवू शकतो आणि वर्डमध्ये क्रॉप केलेला भाग फाइलमध्ये तसाच राहतो. ग्रीनशॉटच्या स्वतःच्या फाइलमध्येही पट्टीखालचा फोटो शाबूत असतो, म्हणून ती फाइल तुमच्याकडेच ठेवा आणि बाहेर खुणा मुरवलेली पीएनजी किंवा जेपीजीच पाठवा.