संमेलनाला निघण्याआधी: परवानगी, पुन्हा परवानगी आणि मग बाकीचे

पेट्रोलियम भूवैज्ञानिकांच्या आंतरराष्ट्रीय संमेलनात शोधनिबंध किंवा पोस्टर स्वीकारले गेल्याचे पत्र आले की पनवेल, बेलापूर, घणसोली किंवा ठाण्यात बसलेला माणूस सर्वांत आधी पासपोर्ट शोधू लागतो, आणि तयारीचा क्रम चुकतो तो इथेच. पासपोर्ट कपाटात असतोच. त्याची मुदत परतल्यानंतरही सहा महिने शिल्लक आहे ना एवढे पाहून तो परत जागेवर ठेवावा. शोधायची असते ती आपण दाखवणार असलेल्या माहितीची लेखी परवानगी. ती हातात नसेल तर पुढचे काहीही वाचण्याची गरज नाही, कारण निघण्याचीच गरज नाही.

ही परवानगी म्हणजे कार्यालयातला उपचार नव्हे. भारतात उत्पादन वाटप कराराखाली किंवा तेल-वायू शोधाच्या २०१६ च्या धोरणानंतरच्या महसूल वाटणी कराराखाली जे सर्वेक्षण होते, जी विहीर खोदली जाते, त्यांतून मिळालेली माहिती भारत सरकारच्या मालकीची असते. कंपनी ती वापरते, आपण तिच्यावर वर्षानुवर्षे काम करतो, तिच्यातला प्रत्येक भ्रंश, म्हणजे खडक जिथे तुटून सरकला ती भेग, आपल्याला तोंडपाठ होतो, आणि हळूहळू ती आपलीच आहे असे वाटू लागते. ती आपली नाही. त्यामुळे स्वतःच्या कंपनीची मंजुरी, त्या क्षेत्रात भागीदार असलेल्या प्रत्येक कंपनीची संमती आणि नोएडाच्या हायड्रोकार्बन महासंचालनालयाची, म्हणजे डीजीएचची, परवानगी अशा तिन्ही गोष्टी लागतात हे गृहीत धरूनच कामाला लागावे. एखादी लागत नसेल तर तसे लेखी घ्यावे. ‘त्याची गरज नसते, सगळे दाखवतात’ हे वाक्य कँटीनमध्ये ऐकायला मिळते. ते बोलणारा माणूस पुढे आपल्या बाजूने उभा राहत नाही.

आता वेळेबद्दल. परवानगी गोषवारा पाठवण्याच्या आधी मागायची असते, निवड झाल्यानंतर नव्हे. गोषवारा संमेलनाच्या कित्येक महिने आधी द्यावा लागतो, तो बहुधा छापला जातो, आणि पाठवताना ‘ही माहिती प्रसिद्ध करण्याचा हक्क मला आहे’ अशा अर्थाच्या चौकोनात आपणच खूण करतो. तो मजकूर न वाचता खूण करणारे बरेच असतात. नंतर परवानगी मागणे म्हणजे पत्रिका वाटून झाल्यावर मुलीला विचारण्यासारखे आहे. शिवाय गोषवाऱ्याची मंजुरी ही पोस्टरची मंजुरी नसते आणि पोस्टरची मंजुरी ही विस्तृत निबंधाची नसते. अर्जासोबत प्रत्येक आकृती जशी दिसणार आहे तशीच जोडावी: विहिरींची नावे, अक्षांश-रेखांश, सेस्मिक छेदावरची (कंपनलहरींनी मिळवलेल्या जमिनीखालच्या उभ्या चित्रावरची) मापपट्टी, लॉगवरचे (विहिरीत उपकरण सोडून घेतलेल्या खडकाच्या नोंदींवरचे) आकडे, सच्छिद्रतेचे तक्ते, सगळे. मंजुरीनंतर आकृतीत एक विहीर वाढवली तर ती आकृती नवी झाली आणि तिच्यापुरती मंजुरी उरली नाही. मागच्या खेपेला याच कारणाने पोस्टरच्या मधल्या छेदावर पांढरा कागद चिकटवून त्याच्यासमोर उभे राहावे लागले, आणि येणारा प्रत्येक जण पोस्टर सोडून त्या कागदाखाली काय आहे तेच विचारत होता.

राष्ट्रीय विदा भांडार २०१७ मध्ये सुरू झाल्यापासून तरुण सहकाऱ्यांचा आणखी एक गैरसमज होतो. भांडारातून माहिती पाहता येणे किंवा रीतसर विकत घेता येणे आणि ती अबू धाबीतल्या किंवा ह्यूस्टनमधल्या सभागृहात पडद्यावर दाखवता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कोणत्या अटींवर माहिती मिळाली तो कागद काढून वाचावा. कंटाळवाणा असतो, तरी वाचावा.

परवानगी वेळेत येणार नाही असे दिसू लागले तर रडत बसण्यापेक्षा दुसरा आराखडा तयार ठेवावा, आणि तो पहिल्या दिवसापासून ठेवावा. आधीच प्रसिद्ध झालेल्या माहितीवर पुष्कळ काही उभे करता येते. मुंबई हायचा शोध १९७४ चा, उत्पादन २१ मे १९७६ पासूनचे, मुख्य साठा मायोसीन काळातल्या एल-३ या चुनखडकाच्या थरात, आणि तिथले तेल-वायू नळवाहिनीने उरणला येतात. हे सगळे छापून झालेले आहे आणि प्रादेशिक प्रस्तावनेला पुरते. स्वतःच्या क्षेत्राचा छेद मिळाला नाही तर त्याच प्रश्नाचे कृत्रिम प्रारूप करून दाखवावे. उदाहरणार्थ, कच्छ-सौराष्ट्रात दख्खनच्या बेसाल्टखाली दडलेले मध्यजीव काळातले गाळखडक सेस्मिकमध्ये नीट का दिसत नाहीत, हे सांगायला खऱ्या विहिरीची गरज नाही. बेसाल्टचा माथा बरीचशी ऊर्जा वरच परत पाठवतो, लाव्हाच्या थरांमधले खडबडीत, सच्छिद्र भाग उरलेली ऊर्जा विखुरतात, आणि खालचे चित्र अंधुक येते, हे साध्या प्रारूपावरही सिद्ध होते. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा हा खडक ठाण्या-पनवेलकरांच्या पायाखालीच आहे, म्हणून आपल्याला त्याचे काही वाटत नाही. परदेशी श्रोत्यांना मात्र त्याचे फार कुतूहल असते आणि त्यावर प्रश्न हमखास येतात.

पोस्टरच्या मापाचा कागद नीट वाचावा. युरोपात अनेकदा उभे ए-शून्य, म्हणजे ८४१ गुणिले ११८९ मिलिमीटर असते, तर अमेरिकेत आठ फूट रुंद आणि चार फूट उंच असा आडवा फळाही मिळू शकतो. उभे पोस्टर आडव्या फळ्यावर लावले की ते चुकून तिथे आल्यासारखे दिसते. छेदाचे उभे माप लहरींना लागलेल्या वेळेचे आहे की खोलीचे हे लिहावे, ते किती ताणले आहे ते लिहावे, आणि ध्रुवतेची पद्धत, म्हणजे ध्वनिरोध (खडकाची घनता आणि त्यातला लहरींचा वेग यांचा गुणाकार) वाढतो तिथे लहरीचे शिखर दाखवले आहे की दरी, हे तर अवश्य लिहावे; अमेरिकी आणि युरोपी प्रघात एकमेकांच्या उलट असल्यामुळे पहिला प्रश्न तिथूनच येतो. इंद्रधनुषी रंगपट्टी टाळावी, कारण ती नसलेल्या सीमा दाखवते, आणि लाल-हिरवा भेद न दिसणारा एखादा तरी परीक्षक असतोच. छपाई वाशीत किंवा नौपाड्यात कापडावर करून घ्यावी. कापडाची घडी हातातल्या पिशवीत मावते. लांब नळकांडे मात्र विमानात कुठे जाते हे देवालाच ठाऊक. दुकानदाराला फाइल देताना ती मंजुरी मिळालेलीच फाइल आहे ना, हे दुकानात उभे राहून तपासावे. ‘अंतिम’, ‘अंतिम-२’ आणि ‘खरोखर अंतिम’ अशा नावांच्या फाइलींमधून चुकीची छापली जायला क्षणही लागत नाही, आणि मग परवानगी असूनही ती नसल्यासारखीच.

भारताचा नकाशा असेल तर तो भारतीय सर्वेक्षण विभागाच्या सीमांप्रमाणेच असावा. परदेशी सॉफ्टवेअरमध्ये आधीपासून असलेला नकाशा जम्मू-काश्मीरच्या सीमा बहुधा तुटक रेषांनी दाखवतो. मुंबई किनाऱ्याजवळच्या आपल्या क्षेत्रापुरताच नकाशा हवा असताना कोपऱ्यात हौसेने देशाचा छोटा नकाशा घालणाऱ्यांनी तो घालूच नये. तो कोणी पाहत नाही, पण नेमका जो पाहायला नको तो पाहतो.

शब्दही जपून वापरावेत. पेट्रोलियम साधनसंपत्तीच्या वर्गीकरणाची आंतरराष्ट्रीय पद्धत, जिला सगळे पीआरएमएस म्हणतात, २००७ मध्ये आली आणि २०१८ मध्ये सुधारली गेली. तिच्यानुसार व्यापारी तत्त्वावर काढता येण्याजोगे ‘साठे’ आणि नुसती ‘संभाव्य साधनसंपत्ती’ यांत मोठे अंतर आहे, आणि सभागृहातला अर्धा श्रोतृवर्ग हे अंतर पाळून पोट भरतो. कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असेल तर अजून जाहीर न झालेल्या शोधाबद्दल जेवणाच्या रांगेतही बोलू नये. सेबीचे अंतर्गत माहितीच्या गैरवापराविरुद्धचे २०१५ चे नियम जेवणाच्या रांगेलाही लागू आहेत. तोंडी बोललेल्या गोष्टीलाही परवानगी लागते, हे अनेकांच्या गावीही नसते.

लॅपटॉपमध्ये फक्त पीडीएफ न्यावी. संपूर्ण प्रकल्प, मूळ सेस्मिक, लॉगच्या फाइली यांपैकी काहीही ‘कोणी विचारले तर असावे’ म्हणून नेऊ नये. प्रदर्शनाच्या दालनात सॉफ्टवेअर विकणारे अत्यंत सौजन्याने म्हणतात, ‘तुमचा एखादा छोटा डेटा द्या, आम्ही इथेच चालवून दाखवतो.’ द्यायचा नाही. पेनड्राइव्ह खिशात नसेल तर नकार देणेही सोपे जाते. कोअरचे, म्हणजे विहिरीतून काढलेल्या खडकाच्या नमुन्यांचे, तुकडेही नेऊ नयेत, तेही आपले नव्हेत. शिवाय क्ष-किरण तपासणीत पिशवीतला दगड कशाचा आहे हे सुरक्षा रक्षकाला समजावून सांगताना पुढे जाणाऱ्या रांगेकडे पाहत राहावे लागते.

सरकारी मालकीच्या कंपनीतल्यांसाठी आणखी एक गोष्ट. आयोजक किंवा एखादी परदेशी कंपनी हॉटेलचा किंवा तिकिटाचा खर्च देत असेल तर परदेशी योगदान नियमन कायदा, २०१० च्या कलम ६ प्रमाणे परदेशी पाहुणचार स्वीकारण्याआधी केंद्र सरकारची परवानगी लागते. आमंत्रणाच्या आनंदात हे विसरले जाते. ही परवानगी माहितीच्या परवानगीहून वेगळी आहे. एकीच्या अर्जात दुसरी आपोआप येत नाही.

व्हिसासाठी आमंत्रणपत्र, कार्यालयाचे ना-हरकत पत्र आणि वेळ लागतो, त्यातला वेळ सर्वांत जास्त. अमेरिकेचा असेल तर वांद्रे-कुर्ला संकुलाच्या खेपा धराव्यात. नोंदणीशुल्क सवलतीच्या मुदतीत भरावे आणि आयोजक संस्थेचे सभासदत्व आधी चालू करावे.

तिकिटावरचे विमानतळाचे अक्षरचिन्ह वाचावे. डिसेंबर २०२५ मध्ये नवी मुंबईच्या विमानतळावरून उड्डाणे सुरू झाल्यापासून बीओएम म्हणजे सहार आणि एनएमआय म्हणजे उलव्याजवळचे, हे टॅक्सीवाल्याला सांगण्याआधी स्वतःला माहीत असावे. ऐरोलीच्या पुलावर गाडी चढल्यावर हे लक्षात येऊन उपयोग नाही.

आखातात जाणाऱ्यांनी दिवाळीच्या सुमारास घरून आग्रहाने बांधून दिलेले अनारसे काढून ठेवावेत. संयुक्त अरब अमिरातीत खसखशीला बंदी आहे, आणि तिथल्या अधिकाऱ्याला आईचा आग्रह समजत नाही. कोडीनयुक्त खोकल्याचे औषधही नेऊ नये. चकली चालते.

कपडे, ॲडॉप्टर, फॉरेक्स कार्ड: न्यावे. संमेलनस्थळी वातानुकूलन कडक असते, म्हणून शाल किंवा जॅकेट. व्हिजिटिंग कार्डे पुरेशी. पोस्टरसाठी पिना मिळतात. नाही मिळाल्या तर शेजाऱ्याकडून घ्याव्यात. मंजुरीपत्राची एक छापील प्रत पोस्टरजवळ आणि एक ईमेलमध्ये ठेवावी.

परतल्यावर ज्यांना काही पाठवायचे कबूल केले असेल त्यांना मंजूर पीडीएफच पाठवावी, मूळ आकृती नाही. टॅक्सीच्या पावत्या थर्मल कागदावर असतात आणि काही आठवड्यांत कोऱ्या होतात, तेव्हा त्यांचे फोटो काढावेत. बोर्डिंग पास फेकू नयेत. लेखा विभाग दोन्ही बाजूंचे मागतो.