डंजन सिंथचा पहिला मिनी-अल्बम करताना

डंजन सिंथ, म्हणजे सिंथेसायझरवर जुन्या किल्ल्यांचे आणि तळघरांचे उदास, मध्ययुगीन वातावरण उभे करणाऱ्या संगीतप्रकाराचे मूळ १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धातील नॉर्वेत आहे. ‘एम्परर’ या ब्लॅक मेटल (रॉकचा अतिउग्र, काळोखी प्रकार) बँडचा माजी बासवादक मॉर्टिस याने १९९४ मध्ये काढलेल्या कीबोर्डप्रधान ध्वनिमुद्रणांनी त्याला आकार दिला. हे संगीत मुळातच एकट्याने, घरी, बेताच्या साधनांवर होत आले असल्यामुळे संगणक, त्याला जोडायचा लहानसा मिडी कीबोर्ड आणि ध्वनिमुद्रणाचे एखादे साधे सॉफ्टवेअर एवढ्यावर काम भागते. नवखे कलाकार बहुधा कॅसेटची खरखर आणि गडद मुखपृष्ठ यांपासून सुरुवात करतात. माझ्या मते क्रम उलटा हवा, कारण चाल साध्या पियानोच्या आवाजात उदास वाटत नसेल, तर खरखरीने ती उदास होत नाही.

चालीसाठी डोरियन हा पाश्चात्य मोड (स्वरसप्तकाची रचना) निवडावा. आपल्याकडे ज्याला काफी थाट म्हणतात तीच ही स्वररचना. एओलियन म्हणजे आसावरी आणि फ्रिजियन म्हणजे भैरवी थाट. पेटी शिकलेल्यांची बोटे त्यामुळे येथे लवकर बसतात, मात्र मींड आणि ताना कटाक्षाने टाळाव्यात, नाहीतर किल्ला नॉर्वेतून थेट मैफलीत येतो. खाली डी आणि ए हे दोन स्वर (डी हा सा धरल्यास सा आणि प) तानपुऱ्यासारखे अखंड धरून त्यावर डी, एफ, जी, ए, जी, एफ, ई अशी ओळ सावकाश, मिनिटाला सुमारे ७० ठोक्यांच्या गतीने वाजवावी. ही ओळ ई वर अधांतरी राहते. तीच पुन्हा वाजवताना शेवट एफ, ई, सी, डी असा बदलला की ती घरी परतते. एस्टांपी या मध्ययुगीन नृत्यप्रकारात प्रत्येक खंड असाच दोनदा, आधी उघड्या आणि मग मिटलेल्या शेवटाने वाजत असे. दुसऱ्या आवर्तनात चालीच्या वर पंचमाच्या अंतराने समांतर सूर जोडावा. युरोपात नवव्या शतकातील ग्रंथांत वर्णिलेल्या ऑर्गनम गायनाचा हा गाभा आहे. फक्त चाल बी वर गेली, तर वरच्या सुराने एफ न घेता ई वर थांबावे, कारण बी आणि एफ एकत्र आले की कर्कश अंतर तयार होते.

आवाज चारच पुरेत: गायकवृंद, तंतुवाद्ये, हार्पसिकॉर्ड (पियानोआधीचे तारांचे पट्टीवाद्य) आणि बासरी. ते हुबेहूब नसावेत. १९८८ च्या कॉर्ग एम-१ सारख्या जुन्या सिंथचे किंचित खोटे वाटणारे आवाजच या प्रकाराला शोभतात. ढोल क्वचित, खंड बदलतानाच वाजवावा.

रिव्हर्ब (आवाजाचा घुमारा) तीन-चार सेकंदांचा ठेवून त्यातील सुमारे २०० हर्ट्‌झच्या खालचा भाग कापावा, अन्यथा खालचे अखंड स्वर चालीला गिळून टाकतात. सर्व मिश्रण झाल्यावर ते एकदा खऱ्या कॅसेटवर नोंदवून पुन्हा संगणकात घ्यावे. कॅसेट डेक नसल्यास आठ-दहा किलोहर्ट्‌झच्या वरचे आवाज उतरवून सुरात अगदी हलका डोलावा आणावा. हा संस्कार प्रत्येक वाद्यावर वेगवेगळा न करता पूर्ण मिश्रणावर एकदाच करावा.

मुखपृष्ठासाठी नॉर्वेचा थेओडोर किटेलसेन (मृत्यू १९१४) किंवा फ्रान्सचा गुस्ताव दोरे (मृत्यू १८८३) या चित्रकारांची चित्रे उपयोगी पडतात, कारण त्यांच्यावरील स्वामित्वहक्क संपलेला आहे. तरीही प्रत संग्रहालयाने मुक्त वापरासाठी खुली केलेलीच घ्यावी.

अल्बममध्ये पाच तुकडे, एकूण चोवीस-पंचवीस मिनिटे, इतकाच पसारा ठेवावा. सर्वांत लांब तुकडा चौथ्या क्रमांकावर आणि शेवटचा तुकडा ढोलाविना असावा. बँडकॅम्पवर (कलाकारांना आपले संगीत थेट विकता येणारे संकेतस्थळ) ठेवताना डंजन सिंथ हा टॅग द्यावा, आणि कॅसेटही काढायची असेल तर सी-३० कॅसेटची एक बाजू १५ मिनिटांची असते हे धरून तिसऱ्या तुकड्यानंतर बाजू बदलेल हे आधीच ठरवावे.