रासायनिक समीकरण कसे लिहावे आणि कसे जुळवावे

रासायनिक समीकरण म्हटले की बाण, अधिकची चिन्हे आणि तळाशी चिकटलेले बारीक आकडे आठवतात, आणि बरेच जण तिथेच वही मिटतात. खरे तर तो साधा जमाखर्च आहे. डावीकडे अभिक्रियाकारक, म्हणजे सुरुवातीला असलेले पदार्थ. उजवीकडे उत्पादिते, म्हणजे तयार झालेले पदार्थ. दोन्हीकडे प्रत्येक मूलद्रव्याचे अणू सारखेच भरले पाहिजेत.

हे तराजूवर सिद्ध झालेले आहे. १७७० च्या दशकात फ्रान्समध्ये आंत्वान लव्हाझिए याने बंद भांड्यात कथील तापवले. कथलाची राख झाली, तरी भांड्याचे वजन तेवढेच राहिले. भांडे उघडल्यावर बाहेरची हवा आत शिरली, तेव्हा कुठे वजन वाढले.

आधी अभिक्रिया झाली का, ते बघा

मीठ पाण्यात विरघळले तर ती अभिक्रिया नव्हे. पाणी आटवले की मीठ पुन्हा हातात येते. पण खाण्याच्या सोड्यावर व्हिनेगर ओता. फसफसून बुडबुडे येतात आणि पेला हाताला गार लागतो. इथे नवे पदार्थ तयार झाले. वायू सुटणे, रंग पालटणे, साका बसणे, ऊब किंवा गारवा जाणवणे या खुणा आहेत. मात्र एकट्या खुणेवर विसंबू नका. उकळत्या पाण्यातही बुडबुडे येतातच.

मग ती शब्दांत लिहा

ही पायरी लोक गाळतात आणि पुढे अडतात. माझा आग्रह आहे की निदान पहिले काही दिवस ती गाळू नये. खाण्याचा सोडा म्हणजे सोडिअम बायकार्बोनेट, आणि व्हिनेगरमधले आम्ल म्हणजे ॲसेटिक आम्ल.

सोडिअम बायकार्बोनेट + ॲसेटिक आम्ल → सोडिअम ॲसेटेट + पाणी + कार्बन डायऑक्साइड

अभिक्रियेआधी आणि नंतर पेला तोलला, तर वजन घटलेले दिसेल. हिशेब चुकलेला नाही, कार्बन डायऑक्साइड हवेत निघून गेला. ८४ ग्रॅम सोडा पूर्ण वापरला गेला तर ४४ ग्रॅम वायू तयार होतो. (हा प्रयोग झाकण लावलेल्या बाटलीत करू नका, दाबाने ती फुटू शकते.)

नावांच्या जागी सूत्रे घाला

संज्ञा, म्हणजे मूलद्रव्यांच्या अक्षरी खुणा, रोमन लिपीत लिहितात. इथे त्यांचे उच्चार दिले आहेत. पाण्याचे सूत्र एच₂ओ: एच म्हणजे हायड्रोजन, ओ म्हणजे ऑक्सिजन. तळाचा आकडा सांगतो की पाण्याच्या एका रेणूत हायड्रोजनचे दोन अणू आहेत. सूत्राच्या आधीचा आकडा म्हणजे सहगुणक: ३एच₂ओ म्हणजे पाण्याचे तीन रेणू. जाता जाता एक सावधगिरी: मराठीत अणू सुटा आणि रेणू अणू मिळून बनलेला, हिंदी पुस्तकांत मात्र ‘अणु’ म्हणजे आपला रेणू. दोन्ही भाषांतले व्हिडिओ आलटूनपालटून पाहणाऱ्यांचा इथे हमखास गोंधळ होतो.

आता जुळवणी

एच₂ + ओ₂ → एच₂ओ

डावीकडे ऑक्सिजनचे दोन अणू, उजवीकडे एक. नवशिक्याचा हात लगेच पाण्याच्या सूत्राकडे जातो आणि तो एच₂ओ₂ लिहून मोकळा होतो. अणू जुळले, पण पाण्याच्या जागी हायड्रोजन पेरॉक्साइड आले! तळाच्या आकड्याला हात लावला की पदार्थच बदलतो. बदलायचा तो फक्त सहगुणक. पाण्याआधी २ घाला: ऑक्सिजन जुळला, पण आता उजवीकडे हायड्रोजन चार झाले. मग डावीकडच्या हायड्रोजनआधीही २.

२एच₂ + ओ₂ → २एच₂ओ

आता जरा मोठे उदाहरण, ब्युटेन या इंधनवायूचे ज्वलन (सी म्हणजे कार्बन):

सी₄एच₁₀ + ओ₂ → सीओ₂ + एच₂ओ

ऑक्सिजन शेवटी घ्या. तो डावीकडे एकटा आहे, त्यामुळे त्याचा आकडा बदलला तरी दुसरे काही बिघडत नाही. कार्बन चार, म्हणून ४सीओ₂. हायड्रोजन दहा, म्हणून ५एच₂ओ. उजवीकडे ऑक्सिजनचे अणू झाले ८ + ५ = १३. ओ₂ मात्र जोडीने येतो, म्हणजे साडेसहा रेणू लागतील. घाबरू नका, कच्च्या कामात तो अर्धा खुशाल राहू द्या. शेवटी सगळ्या सहगुणकांना दोनने गुणा:

२सी₄एच₁₀ + १३ओ₂ → ८सीओ₂ + १०एच₂ओ

आता ताळा करा. कार्बन ८ आणि ८, हायड्रोजन २० आणि २०, ऑक्सिजन २६ आणि १६ + १० = २६. ताळा झाल्याशिवाय पेन्सिल खाली ठेवू नका.

वायू, द्रव, स्थायू अशा अवस्था सूत्रापुढे कंसात लिहितात आणि उष्णता दिली असेल तर बाणावर त्रिकोण काढतात. ते सवयीने जमते.

जुळले म्हणून घडेलच असे नाही

जस्ताचा तुकडा सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात टाकला की हायड्रोजनचे बुडबुडे सुटतात:

झेडएन + २एचसीएल → झेडएनसीएल₂ + एच₂ (झेडएन म्हणजे जस्त, सीएल म्हणजे क्लोरीन)

जस्ताच्या जागी तांबे घालून असेच समीकरण लिहिता येते, आणि आकडेही चोख जुळतात. पण तांब्याची तार त्या आम्लात सोडून पाहा, हायड्रोजनचा एक बुडबुडा येणार नाही. तांबे हायड्रोजनपेक्षा कमी क्रियाशील आहे; आम्लातल्या हायड्रोजनला ते हटवू शकत नाही. हे कागदावरच्या बेरजेतून कळत नाही. त्यासाठी धातूंची क्रियाशीलता श्रेणी, म्हणजे जास्त क्रियाशीलपासून कमी क्रियाशीलपर्यंत लावलेली यादी, उघडावी लागते.