शाळेच्या समूहगानात जगाची गाणी कशी बसवावीत

सोलापुरात गाण्याच्या तासाला चाळीस मुलं बसली, की घरी मराठी, तेलुगू, कन्नड, दखनी बोलणारी मुलं शेजारी शेजारी असतात. म्हणून परदेशी गाणं शोधण्याआधी वर्गातल्या घरांकडे बघा. पहिलं गाणं तिथूनच घ्यावं. उच्चार चुकला की तिथल्या तिथे सांगणारं कुणीतरी असतं, आणि गाणं ज्यांचं आहे त्यांच्याच तोंडून शिकायची सवय लागते. ही सवय नसेल तर पुढची सगळी गाणी नुसती नक्कल होतात.

सुरुवातीला बतुकम्मा सणाचं गाणं सगळ्यात सोयीचं. शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू घरांत भाद्रपद अमावास्येपासून नऊ दिवस फुलांच्या रचलेल्या थरांभोवती फेर धरून ही गाणी म्हणतात. एक बाई ओळ सांगते, बाकीच्या शेवटी 'उय्यालो' म्हणून उचलतात. ऑगस्टमध्ये शिकवायला घ्या, म्हणजे घरी आजीसोबतही सराव होतो. एखाद्या मुलाच्या आजीला वर्गात बोलवा आणि पहिले दोन तास मुलांना फक्त ऐकू द्या. बाकावर बसवून शिकवलं तर लय हमखास धावते. फेर धरा, वाकून टाळी द्या, पावलंच लय सांभाळतात. 'उय्यालो' उशिरा येत असेल तर कारण श्वासाचं आहे: सांगणारीची ओळ संपल्यावर मुलं श्वास घेतात. तिच्या शेवटच्या शब्दावर श्वास घ्यायला सांगा.

कन्नडसाठी सिद्धरामेश्वरांची वचनं आहेतच, 'कपिलसिद्ध मल्लिकार्जुन' या मुद्रेची, म्हणजे वचनात सहीसारख्या येणाऱ्या नावाची. वचन हे गद्याच्या चालीचं असतं. त्याला केहेरव्याच्या ठेक्यात कोंबू नका, शब्द मोडतात.

आता खरी मेहनत. आपली मुलं एका सुरात, एकत्र गाण्यात तयार असतात. शेजारी दुसरा सूर लागला की ती तिकडेच घसरतात. म्हणून दोन-तीन आवाजांच्या गाण्याला थेट हात घालू नये. आधी धरलेला सूर शिकवावा. जॉर्जिया देशाच्या पूर्वेकडच्या काखेती भागात खाली सगळे मिळून एक सूर धरतात आणि वर दोघे जण गातात. जॉर्जियाच्या या बहुस्वरी गायनाची युनेस्कोने २००१ मध्ये दखल घेतली. त्याची तयारी अशी करा: चाळीसातली पंधरा मुलं 'ओ'कारात षड्ज, म्हणजे सा, धरतील, पंचवीस जण पाठ असलेला अभंग गातील. दोन मिनिटं झाली की गट बदला. हे रोज दहा मिनिटं, किमान तीन आठवडे.

धरलेला सूर खाली उतरतो, आणि याचं कारण बहुतेक वेळा एकच: सगळे एकदम श्वास घेतात आणि परत लावताना किंचित खाली लावतात. मुलांना १, २, ३ असे आकडे द्या. १ आकड्याची मुलं श्वास घेतील तेव्हा २ आणि ३ धरून ठेवतील, मग पुढचा आकडा. शेजारी शेजारी एकच आकडा नको. दर मिनिटाला तानपुऱ्याच्या ॲपवर सूर पडताळा. या सरावात पेटी (हार्मोनियम) बंद ठेवा. पेटी वाजत असली की मुलं एकमेकांचं ऐकत नाहीत.

धरलेला सूर जमला म्हणून तो सगळ्या गाण्यांना जोडू नये. जपानचं 'साकुरा' हे लोकगीत घ्या. त्याचे स्वर आपल्या गुणक्री रागाचे: सा, कोमल रे, म, प, कोमल ध. पहिला शब्द 'म म प' असा येतो. स्वर ओळखीचे असल्याने मुलं दोन तासांत चाल उचलतात आणि तिथेच घोटाळा होतो: भैरव राग शिकलेली मुलं कोमल रे आणि ध आंदोलित करतात, म्हणजे हळूच झुलवतात, मधे मींड घेतात, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जातात. इथे स्वर सरळ, उभा हवा. पट्टीही जपून ठरवा. गाणं मंद्र पंचमापासून (खालच्या सप्तकातल्या प पासून) मध्य धैवतापर्यंत (मधल्या सप्तकातल्या ध पर्यंत) फिरतं. पेटीची काळी एक सा धरली तर खालचा पंचम लहान मुलांना घशात ओढावा लागतो. पांढरी तीन ठेवा. आठवी-नववीच्या ज्या मुलांचा आवाज फुटतोय त्यांना ताणायला लावू नका, त्यांच्याकडे ठेका द्या.

आणि ठेका म्हटलं की पश्चिम आफ्रिकेतल्या एवे लोकांचा घंटेचा ठेका शिकवायलाच हवा. बारा मात्रा, आघात १, ३, ५, ६, ८, १०, १२ वर. हे फळ्यावर लिहून समजत नाही, पेटीवर दाखवा: पांढरी एकपासून काळ्या-पांढऱ्या मिळून ओळीने बारा पट्ट्या मोजा. पांढरी आली की आघात, काळी आली की गप्प. बोट ठेवत मोठ्याने मोजलं की मुलांच्या डोळ्यांपुढे ठेका उभा राहतो. मग पावलं १, ४, ७, १० वर. ५-६ आणि १२-१ हे आघात लागून येतात. मुलं त्यांच्यात अंतर टाकतात आणि सगळं दादऱ्यासारखं गुळगुळीत होतं. बिघडलं की फक्त '५-६' एवढाच तुकडा वीस वेळा घ्या. घंटेऐवजी लोखंडी पट्टी आणि खिळा चालेल. टाळ नको, त्याचा नाद लांबतो आणि पुढचा आघात झाकतो. हलगीचा मोह होईल, पण तिचे स्वतःचे बोल आहेत. तिच्यासाठी वेगळं गाणं ठेवा.

बल्गेरियाच्या राचेनित्सा नाचात सात मात्रा असतात, पण २-२-३. रूपक ताल शिकलेला तबलजी सवयीने ३-२-२ धरतो. 'तक तक तकिट' तोंडाने म्हणूनच घ्या.

शब्द देवनागरीत लिहून देताना एक काळजी घ्या. मराठीत 'चमचा'तला च वेगळा, 'चहा'तला वेगळा. ज आणि झचंही तसंच. परकं गाणं वाचताना मूल हवा तो उच्चार उचलतं. 'चहा'तल्या चवर लाल टिंब द्या आणि वर्षभर तीच खूण ठेवा. तेलुगू-कन्नडमधले ऱ्हस्व ए-ओही वेगळ्या खुणेने दाखवा. दक्षिण आफ्रिकेतल्या झुलू गाण्यात जिभेच्या टिचक्या आल्या तर घाबरू नका: एक हळहळताना काढतो ती 'च्‌च्‌', दुसरी बैल हाकताना गालाच्या कडेने काढतात ती.

गाणं पूजेचं किंवा विधीचं असेल तर ते मंचावर म्हणायचं असतं का, हे आधी त्या समाजातल्या माणसाला विचारा. नाही म्हणाले तर सोडून द्या.

स्नेहसंमेलनासाठी चार गाणी पुरेत. प्रत्येकात एकच नवी गोष्ट. गाण्याआधी भाषा, प्रदेश, अर्थ आणि कुणाकडून शिकलो, एवढं दोन वाक्यांत सांगा. ध्वनिव्यवस्थावाल्याला आधीच गाठा: तो सवयीने एकच माईक ओळ सांगणाऱ्या मुलीपुढे ठेवतो आणि मागचा धरलेला सूर सभागृहात पोचतच नाही. दोन माईक उंच स्टँडवर, पहिल्या रांगेपासून पाच-सहा फुटांवर, आणि त्यातला एक सूर धरणाऱ्या गटासमोर.