बोट थांबत नाही : क्रूझवर निघताना या चुका टाळा

गेल्या महिन्यात पहाटे साडेचारला पुतण्याच्या मित्राचा फोन. "काकू, आत्ताच शिरोलीचा पूल वलांडला बघा. दोनपर्यंत मुंबई गाठतोय. तेवढ्यात काय बोट जात न्हाई नव्हं?"

मी विचारलं, बोट कधीची?

"आजचीच की!"

आमच्या कोल्हापूरला समुद्र नाही. पाण्यावरचा आमचा सगळा अनुभव रंकाळ्यातल्या बोटीचा, आणि ती आपण चप्पल काढून, मुलाला मांडीवर घेऊन, फोटो काढून होईपर्यंत थांबते. लग्नाचा मुहूर्त थांबतो, बाहेरगावचा जावई आला नाही म्हणून पंगत थांबते, एसटीचा कंडक्टरसुद्धा "येतायत, येतायत" म्हटलं की डबल बेल द्यायला जरा उशीर करतो. त्यामुळे बोटही थांबेल असं आमच्या लोकांना मनापासून वाटतं. बँकेतून निवृत्त झाल्यापासून मी अकरा क्रूझ केल्या, मुंबईहून चार, सिंगापूरहून पाच आणि युरोपात दोन. त्या अकराही वेळा कुणी ना कुणी धक्क्यावर धावताना बघितलं. एकदा आम्हीच होतो. ते पुढे सांगते.

आधी हे त्याच दिवशी निघण्याचं खूळ.

कोल्हापूर ते बॅलार्ड पिअर, म्हणजे मुंबईत क्रूझच्या बोटी लागतात तो धक्का, साधारण 380 किलोमीटर. मोबाइलचा नकाशा सात तास दाखवतो आणि आमची माणसं त्या सात तासांवर देवाच्या शब्दासारखा विश्वास ठेवतात. त्या नकाशाला रस्त्याच्या रुंदीकरणासाठी काढलेली वळणं ठाऊक नसतात आणि साताऱ्याला गाडी थांबवून कंदी पेढे घ्यायची तुमची सवयही. आमच्या भिशीतल्या चौघी दोन वर्षांपूर्वी पहाटे पाचला निघाल्या. बोट संध्याकाळी पाचची. वेळ मुबलक, म्हणून नाष्टाही निवांत झाला. खंबाटकीत एक कंटेनर आडवा झाला आणि तिथे तीन तास गेले. बॅलार्ड पिअरला पोचल्या तेव्हा बोट समोर उभी होती, दिवे लागलेले, वरच्या डेकवर गाणी चाललेली. पण चेक-इन बंद झालं होतं. बोट सुटायच्या तास-दीड तास आधी काउंटर बंद होतं, कारण चढलेल्या प्रवाशांची पक्की यादी बोट हलण्याआधी तयार व्हावी लागते. यादीत नाव नाही म्हणजे नाही. मग बोट धक्क्याला टेकलेली असली काय आणि अरबी समुद्रात असली काय, तुम्हाला सारखंच. पैसे परत मिळाले नाहीत. चौघींनी बाहेर वडापाव खाल्ला आणि रात्रीच्या ट्रॅव्हल्सने परत आल्या. नव्या साड्यांच्या घड्यासुद्धा मोडल्या नव्हत्या.

माझा नियम सरळ आहे. आदल्या दिवशी मुंबई. महालक्ष्मी एक्स्प्रेसने रात्री बसलं की सकाळी सीएसएमटी, आणि तिथून बॅलार्ड पिअर टॅक्सीने दहा मिनिटांवर. पण म्हणून बोटीच्या दिवशी सकाळी उतरणारी महालक्ष्मी मी धरत नाही. त्याच्या आदल्या दिवसाची धरते आणि दादरला नणंदेकडे राहते. मुलगा म्हणतो, आई, हा अतिरेक आहे. 2019 आणि 2021 साली पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ हायवेवर आलं आणि रस्ता कित्येक दिवस बंद राहिला, ते तो विसरला असेल, मी नाही. सिंगापूरची बोट असेल तरी विमान आदल्या दिवशीचं. चार हजार वाचवायला जाऊन दीड लाख घालवणाऱ्यांना मी हिशेबी म्हणत नाही. बँकेत अशांसाठी आमच्याकडे वेगळा शब्द होता, तो इथे लिहीत नाही.

फोनचं घड्याळ

ही माझी सगळ्यात लाडकी चूक, कारण ती शहाणी माणसं करतात.

2018 साली आम्ही चौघे, म्हणजे हे, मी, धाकटे भाऊजी आणि जाऊबाई, सिंगापूरहून पेनांग-फुकेतच्या फेरीला गेलो होतो. सिंगापूर आणि मलेशियाचं घड्याळ एक. थायलंडचं त्यांच्या एक तास मागे. बोट मात्र स्वतःच्या वेळेने चालते. कॅप्टनने घड्याळ बदलायचं ठरवलं तर बदलतात, नाहीतर बोटीवर तीच वेळ राहते. आमच्या फेरीत बदललं नव्हतं. आदल्या रात्री खोलीत आलेल्या कागदावर तसं ठळक छापलेलं होतं. तो कागद भाऊजींनी पान-सुपारी गुंडाळायला घेतला होता.

फुकेतला आमची बोट पातोंगच्या किनाऱ्यापासून लांब, खोल पाण्यात उभी राहिली. लहान बोटी, म्हणजे टेंडर, माणसांची ने-आण करत होत्या. परतीचा शेवटचा टेंडर साडेचारला. आम्ही बाजारात. भाऊजी फुलाफुलांच्या शर्टासाठी दुकानदाराशी लक्ष्मीपुरीतल्यासारखी घासाघीस करत होते. मी म्हटलं, चला आता. त्यांनी फोन बघितला. "वहिनी, तीन वीस झाल्यात. अजून तास हाय की!"

मी बाकावर बसले. समोरून दोन गोरी जोडपी गेली, सत्तरीच्या पुढची, खांद्यावर आमच्याच बोटीचे निळे टॉवेल. चालत नव्हती, पळत होती. सत्तरीची बाई गुडघ्याला पट्टा बांधून पळताना दिसली की कारण विचारत बसू नये. मी पर्समधलं माझं जुनं एचएमटी काढलं. चार वीस. सिंगापूरला लावलेली वेळ मी बदललीच नव्हती. खरं सांगते, शहाणपणाने नाही, आळसाने.

भाऊजींच्या फोनने किनाऱ्यावर उतरताच थायलंडचं नेटवर्क पकडून गुपचूप तासभर मागे जाऊन घेतलं होतं.

मग आम्ही पळालो. माझ्या पायात कोल्हापुरी. वाळूत कोल्हापुरी घालून पळता येत नाही, हातात घेतली तर पाय भाजतात. दोन्ही करून बघितलं. जाऊबाई रडवेल्या झाल्या होत्या, हे मागे धापा टाकत होते आणि भाऊजींच्या हातात तो शर्ट होता, पैसे दिले की नाही देव जाणे. किनाऱ्यावरचा बोटीचा तंबू उतरवून झाला होता. पाण्याचे जार उचलत होते. यादी हातात घेतलेला पोरगा वॉकीटॉकीवर बोलत होता. भाऊजी तरीही त्याला फोन दाखवून सांगायला लागले की साडेतीनच वाजलेत. पोरगा काही बोलला नाही. त्याने फक्त स्वतःचं मनगट वर केलं.

आम्ही त्या शेवटच्या टेंडरमध्ये बसलो. भाऊजी जेवणापर्यंत गप्प होते. दुसऱ्या दिवशी बोटीवरच्या दुकानातून डॉलर मोजून त्यांनी मनगटी घड्याळ घेतलं. आता ते ही गोष्ट सांगतात तेव्हा ती म्हातारी जोडपी त्यांनाच आधी दिसलेली असतात.

राहिलो असतो तर? माणसं आली नाहीत हे कळलं की बहुतेक बोटींवर कर्मचारी खोलीतल्या तिजोरीतून तुमचे पासपोर्ट काढून बंदरावरच्या एजंटाकडे देतात आणि बोट निघते. पुढच्या बंदरापर्यंतचं विमान, हॉटेल, कागदपत्रं, सगळं तुमच्या खिशातून.

तेव्हा बोटीवर पाय ठेवताच एक साधं काट्याचं घड्याळ बोटीच्या वेळेला लावा आणि बोटीवर वेळ बदलल्याचं सांगेपर्यंत त्याला हात लावू नका. फोनमधली आपोआप वेळ बदलायची सोय बंद करा. स्मार्टवॉच फोनचंच ऐकतं, त्याचा उपयोग नाही. समुद्रात फोन फ्लाइट मोडवर ठेवा, नाहीतर तो बोटीचं सॅटेलाइट नेटवर्क पकडतो आणि तुमचा नेहमीचा रोमिंग पॅक तिथे चालेलच असं नाही. घरी आल्यावर बिल बघून लोक कंपनीशी भांडतात. फ्लाइट मोडवरही बोटीचं वायफाय लागतं, हे दर वेळी कुणाला तरी सांगावं लागतं.

रोम म्हणजे रोम नव्हे

तिकिटावर 'रोम' छापलेलं असतं. बोट लागते चिवितावेक्कियाला, रोमपासून साधारण 80 किलोमीटरवर. म्हणजे कोल्हापूर सांगून कराडला उतरवल्यासारखं. 'बँकॉक' म्हणून मोठ्या बोटी लागतात त्या लेम चाबांगला, तिथून बँकॉक आपल्या साताऱ्याएवढं लांब, शिवाय तिथली वाहतूक. फ्लॉरेन्सचंही तेच, बोट लिव्होर्नोला. आठ तासांच्या मुक्कामात जाऊन-येऊन तीन-चार तास रस्त्यातच. बुकिंग करण्याआधी बंदराचं नाव नकाशावर शोधायला पाच मिनिटं लागतात. पण त्या पाच मिनिटांत लोक ऑफर संपेल म्हणून घाबरून पैसे भरतात.

बोटीच्याच सहलीने जावं की स्वतःची गाडी करावी? बंदर गावातच असेल तर मी स्वतःची गाडी करते. शहर लांब असेल तर बोटीची महागडी सहल, निमूटपणे. ती बस अडकली तर कंपनी आपल्या माणसांसाठी बोट थांबवते किंवा त्यांना पुढच्या बंदराला पोचवते. तुमच्या टॅक्सीवाल्यासाठी कोण थांबणार?

ड्रिलला दांडी

"बीअर घेऊन बसलो होतो काकू, कोण जातंय ते जॅकेट बघायला." ड्रिल म्हणजे बोट संकटात आली तर कुठे जमायचं, जॅकेट कसं घालायचं याचा सराव. तो चुकवून असं सांगणाऱ्याला मी पुढे काही सल्ला देत नाही.

13 जानेवारी 2012 च्या रात्री इटलीच्या जिल्यो बेटाजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया खडकावर घासली आणि कलंडली. 32 माणसं गेली. चिवितावेक्कियाला त्याच दिवशी चढलेल्या प्रवाशांचं ड्रिल अजून झालेलं नव्हतं. तेव्हाच्या नियमाने ते चोवीस तासांत घेतलं तरी चालायचं. त्यानंतर नियम बदलला आणि आता ते बोट सुटण्याआधी किंवा सुटताच घ्यावं लागतं. हल्ली बऱ्याच बोटींवर खोलीतल्या टीव्हीवर व्हिडिओ बघायचा आणि आपल्या ठरलेल्या जागेवर जाऊन हजेरी लावायची, एवढंच असतं. सात छोटे भोंगे आणि एक लांब, हा इशारा पाठ करा. मी शिवाय खोलीपासून त्या जागेपर्यंत जिन्याने एकदा चालत जाते, लिफ्टने नाही. हे मला हसतात. हसू देत.

बाकीच्या चुका भराभर

औषधं, पासपोर्ट, चष्मा मोठ्या बॅगेत टाकून ती धक्क्यावर देऊन टाकणे. ती बॅग खोलीत कधी संध्याकाळी येते. मधुमेहाची गोळी तोपर्यंत थांबणार आहे का?

इस्त्री, पाण्याची किटली, मेणबत्ती, उदबत्ती नेणे. बोटीवर आगीइतकी भीती कशाचीच नसते. स्कॅनमध्ये दिसलं की बॅग बाजूला जाते आणि तुम्ही तिला शोधत खालच्या मजल्यावर.

घरचा डबा नेणे. बहुतेक ठिकाणी आत सोडत नाहीत. सीलबंद भडंगाचं पाकीट चालतं, मी नेते. पण तांबडा-पांढरा आठवून रोज उसासे टाकणाऱ्यांनी रंकाळ्यावरच फिरायला जावं. शाकाहारी किंवा जैन जेवण हवं असेल तर बुकिंगच्या वेळीच लिहून द्या आणि पहिल्या रात्री मोठ्या डायनिंग रूममधल्या वेटरला पुन्हा सांगा. रोज तोच माणूस वाढायला असेल तर तिसऱ्या दिवसापासून न सांगता आणतो. ज्यांना सगळं बुफेवरच हवं असतं त्यांना ही गंमत कधी कळत नाही.

हातांना सॅनिटायझर चोळून बुफेत शिरणे. बोटीवर पोट बिघडवणाऱ्या नोरोव्हायरसवर सॅनिटायझरचा फारसा इलाज चालत नाही. साबण आणि पाणी.

सगळ्यात वरच्या मजल्याची, पुढच्या टोकाची खोली मागून घेणे, आणि मग बोट लागली म्हणून तीन दिवस पडून राहणे. ज्यांना घाटात बस लागते त्यांनी मधली, खालच्या मजल्याची खोली घ्यावी. तिथे हेलकावा सगळ्यात कमी. गोळी डॉक्टरांना विचारून आधीच घ्यायची, उलटी सुरू झाल्यावर नाही. आणि उपाशी राहायचं नाही. उपाशी पोटाला बोट जास्त लागते.

डेकवरच्या खुर्चीवर सकाळी सहाला टॉवेल टाकून नाष्ट्याला जाणे. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकायची ही आपली विद्या तिथे चालत नाही. टॉवेल उचलून ठेवतात. आपण टाकला की हक्क आणि दुसऱ्याने टाकला की निर्लज्जपणा, हे मी फार वेळा ऐकलंय.

सिंगापूरहून निघून सिंगापूरलाच परत येणार असाल तर तुम्ही त्या देशात दोनदा शिरता. व्हिसा एकापेक्षा जास्त वेळा आत सोडणारा आहे ना, ते बघा. सिंगापूरचं अरायव्हल कार्डही परत येताना नव्याने भरावं लागतं. एजंट सांगेल या भरवशावर राहू नका.

टिप माणशी, दिवसागणिक खात्यात आपोआप चढते. शेवटच्या रात्री काउंटरवर रांग लावून "हे कशाचे?" म्हणून वाद घालण्याआधी बुकिंगचा कागद वाचा.

आणि शेवटची रात्र. मोठ्या बॅगा रात्री दाराबाहेर ठेवायच्या असतात. कर्मचारी त्या घेऊन जातात आणि सकाळी टर्मिनलवरच मिळतात. आमच्या शाहूपुरीतले एक गूळवाले, पहिलीच क्रूझ, भलतेच टापटिपीचे. त्यांनी घड्या घालून सगळे कपडे बॅगेत भरले, बॅग बाहेर ठेवली आणि निवांत झोपले. सकाळी अंगावर पट्ट्यापट्ट्याची लुंगी आणि बनियन. सिंगापूरच्या इमिग्रेशनच्या रांगेत ते तसेच उभे राहिले, खांद्यावर बायकोची शाल घेऊन, आणि पुढच्या अधिकाऱ्याने फोटोकडे आणि त्यांच्याकडे तीनदा बघून शिक्का मारला.